उष्टं इंजिन

पोवई नाक्यावरच्या टपरीत सौमित्रनं चहाचा ग्लास ओठाला लावला आणि मग त्याला काठावरचा काळा डाग दिसला. मिशरीचा. आधीच्या कुणीतरी त्या जळक्या तंबाखूनं दात घासून, नीट चूळही न भरता ह्याच ग्लासातून चहा प्यायला होता. टपरीवाल्यानं तो बादलीतल्या गढूळ पाण्यात एकदा बुचकळून पुढच्या गिऱ्हाइकापुढं सरकवला होता. आता ह्यात आभाळ कोसळण्यासारखं काय आहे? अर्धा सातारा रोज सकाळी असाच चहा पितो आणि ढेकर देऊन कामाला लागतो. पण सौमित्रच्या पोटातून काहीतरी आंबट वर चढलं. त्यानं चहा गटारात ओतला, रुमालानं ओठ पुसले, रुमालाची पुसलेली बाजू आत घेऊन घडी घातली, आणि मग तो रुमालच खिशात नकोसा झाला. एरवी तो बाहेर काही पीत नसे. आज घरून निघताना अबोलीनं दिलेला चहा एक घोट घेऊन त्यानं तसाच ठेवला होता, कारण दूध करपलं होतं. "कुठं करपलंय? जरासं बुडाला लागलं असेल," ती म्हणाली होती. बुडाला लागलेलं त्याला वरच्या सायीतसुद्धा कळायचं. सांगलीला आई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायची, "आमच्या सौमित्रला करपलेलं दारातून कळतं हो." अबोली कौतुक करत नसे. ती फक्त दुसरा चहा टाकत नसे.

तेवढ्यात फोन वाजला. माळावरच्या चाचणीच्या जागेवरून मयूरी बोलत होती. हाताखालच्या इंजिनिअरांत सगळ्यात चलाख पोरगी, पण आज आवाज चाचरत होता.

"सर, इंजिन धुतलंय."

"कुणी?"

"जोतीराममामांनी. त्यांची माणसं घेऊन, सकाळी सकाळी. मी आले तेव्हा झालेलं होतं सगळं. सर, अगदी लख्ख केलंय हो."

तिला वाटलं सर ओरडतील. सौमित्र ओरडला नाही. ओठावर अजून ती मिशरी असल्यासारखं त्याला वाटत होतं, आणि तोंड उघडलं तर ती आत जाईल अशी भीती. त्यानं "येतो" म्हटलं आणि गाडीत बसून बाटलीतल्या पाण्यानं तीनदा चूळ भरली.

कंपनी शिरवळची. तिथं इंजिनं होतात, आणि म्हसवडच्या पलीकडं उजाड माळावर ती पेटवून बघतात. ध्यास मोठा: असं अवाढव्य रॉकेट की जे माणसांना आणि त्यांच्या साऱ्या बारदान्याला चंद्रावर, जमलं तर त्याहून पुढं नेईल, आणि खालचा-वरचा कुठलाच भाग समुद्रात न टाकता सगळंच्या सगळं शेपटीवर उभं राहत परत येईल. आलं, तेल भरलं, पुन्हा गेलं. सौमित्रला वेगळाच भाग सोपवला होता. परत आलेल्या इंजिनाकडं बघायचं आणि सांगायचं: हे पुन्हा जाईल की नाही. त्याच्या हो-नाहीवर पुढचं सगळं. कारखान्यात ह्या कामाचे दोन शब्द कुणीतरी पाडले होते आणि ते चिकटले ते चिकटलेच. न उडालेलं इंजिन ते कोरं, आणि उडून आलेलं ते उष्टं. "कोरं हिकडं ठेव रं, उष्टं तिकडं," असं वेल्डरसुद्धा म्हणायचे. पुष्कर, म्हणजे कंपनीचा मालक, वाईचा, कॉलेजातला जुना दोस्त, पाहुण्यांपुढं हा किस्सा हमखास सांगायचा आणि सौमित्रच्या खांद्यावर थाप मारून म्हणायचा, "आणि उष्ट्याचा कारभारी कोण? तर आमचा हा सोवळा भट!" सगळे हसायचे. सौमित्रही हसायचा, आणि थाप बसलेला खांदा नंतर कितीतरी वेळ त्याला वेगळा जाणवत राहायचा.

उष्टं ह्या शब्दानं त्याच्या आत नेमकं काय होतं ते कुणाला सांगून कळलं नसतं. लग्नात पंगतीला घास भरवायची वेळ आली. चुलत्या-मावश्या भोवती. "अगं, तू चावून दे, उष्टं खाल्लं की प्रेम वाढतं!" असा गलका झाला. अबोलीनं लाजत जिलबीचा तुकडा चावला आणि उरलेला त्याच्या तोंडात घातला. पाक तिच्या ओठांनी ओला झालेला. त्यानं तो गालात धरला, हसला, फोटो काढू दिला, आणि मग हात धुवायला म्हणून उठून मोरीत थुंकला. वळून पाहिलं तर मागं अबोली उभी. इतक्या वर्षांत तिनं पुन्हा कधी आपल्या ताटातलं काही त्याच्यापुढं केलं नाही, आपला अर्धा पेरूसुद्धा नाही. लोक म्हणायचे, काय शिस्तीचा संसार आहे! शिस्त कसली डोंबलाची. एकाच घरात दोन पाण्याच्या बाटल्या, दोन नॅपकिन, आणि मधे ती जिलबी.

पुसेगावकडचा रस्ता उकरून ठेवलेला म्हणून त्यानं गाडी औंधवरून घातली. डोंगरावरची यमाई उजवीकडं आली आणि मागं पडली. ऊन चढत होतं. उघड्या काचेतून धुरळा आणि शेळ्यांचा वास येऊ लागला तशी त्यानं काच वर केली आणि आत स्वतःला, आपल्याच श्वासासकट, कोंडून घेतलं. परवा संध्याकाळचं त्याला आठवत होतं. 'टाकी' उडाली तेव्हाचं. चाचणीच्या त्या बुटक्या यानाला माणसं टाकीच म्हणत, कारण पाण्याच्या टाकीला चार पाय फुटल्यासारखंच ते दिसायचं. ते गर्जना करत वर गेलं, हवेत क्षणभर उभं राहिलं, आणि आपल्याच आगीवर रेलत खाली येऊन पायांवर टेकलं. माणसं नाचली. माळावर राखणीला असलेल्या जोतीरामनं टोपी उडवली. मयूरी रडली. आणि गर्दी पांगल्यावर सौमित्र खाली वाकून इंजिनाच्या घंटेखाली, म्हणजे आग ओकणाऱ्या त्या घंटेसारख्या तोंडाखाली गेला. रॉकेल जळून सगळं काळंकुट्ट झालेलं. ह्या घंटेच्या भिंतीतून केसाएवढ्या वाटांनी रॉकेल खेळवतात, तेच तिला गार ठेवतं आणि मग तेच आत जाऊन जळतं. म्हणून काजळी फार बोलकी असते. कुठं कोरडी भुकटी, कुठं तुकतुकीत, कुठं राखाडी. कुठली वाट तापून उलली आणि रॉकेल बाहेर पाझरलं तर काजळीत तसा ओघळ उमटतो. घंटेच्या वरच्या गळ्याशी, नळ्यांच्या मागं, त्याला तसं काहीतरी दिसलं होतं. की वाटलं होतं? उजेड उतरला होता. त्यानं बोट लावून बघितलं. बोटाला बुळबुळीत, कोमट, शेंबडासारखं लागलं आणि त्याच्या सबंध अंगावर काटा आला. उद्या सकाळी नीट उजेडात बघू, गार झाल्यावर फोटोही तेव्हाच काढू, असं म्हणून तो मागं सरला. जोतीराम घागर घेऊन पाणी ओतत होता आणि हा साबणानं हात धूत होता. पुन्हा साबण. पुन्हा पाणी. "पुरे का सायेब?" "अजून थोडं ओत." काल शिरवळला बैठक लागली, तो येऊ शकला नाही, मयूरीलाही तिकडंच बोलावलं. आणि आज हे.

कुणी सांगितलं असेल धुवायला? पुष्करनंच. दुसरं कोण? उद्या पाहुणे यायचे होते, परदेशातले दोघे आणि दिल्लीचे काही, आणि त्यांच्यापुढं हेच इंजिन, एकही भाग न बदलता, तिसऱ्या दिवशी पुन्हा उडवून दाखवायचं होतं. सगळी मातब्बरी त्याच एका गोष्टीची होती. काळंमिट्ट इंजिन फोटोत वाईट दिसेल म्हणून पुष्करनं धुवायला लावलं असणार. त्याच्या वाईच्या घरी पितळी समया रोज लख्ख करतात. सौमित्रला पुष्करच्या पांढऱ्याशुभ्र दातांचीसुद्धा शिसारी आली. ह्या रागात गाडी चालवायला बरं वाटत होतं. राग कोरडा असतो.

पण घासलेल्या भांड्यांवरून त्याला गुंडा आठवला, आणि तो नको होता. गुंडा जतकडचा. बाप मेंढरं घेऊन वर्षाचे कितीतरी महिने फिरतीवर, आणि पोरगा सांगलीला कॉलेजच्या वसतिगृहात. गणितात ह्याच्याहून सरस. संध्याकाळी गावभागातल्या घरी अभ्यासाला यायचा. आई, गोदावरीबाई, प्रेमानं चहा द्यायची त्याला, खोटं कशाला बोला. पोह्यांवर खोबरंही मुलाइतकंच घालायची. फक्त त्याचा कप वेगळा, कान तुटलेला. पहिल्याच दिवशी तिनं हसून सांगून टाकलं होतं, "हा तुझा कप हं गुंडा. तुझ्यासाठीच वेगळा ठेवलाय. तू आलास की ह्यातच देत जाईन." गुंडा "व्हय काकू" म्हणाला होता. तो गेला की आई तो कप दोन बोटांत धरून मोरीत न्यायची. घरातल्या भांड्यांना साबण असायचा, त्या कपाला राख. मग तो खिडकीत उपडा. सौमित्रला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. उलट सुटल्यासारखं व्हायचं, की चला, चुकून आपल्या तोंडाला लागायचा नाही. पुढं सांगलीला तो मोठा पूर आला तेव्हा आई शाळेच्या वर्गात शंभर माणसांत राहिली. कुणी कुणी आणून दिलेली खिचडी कुणाच्या कुणाच्या ताटलीत खाल्ली. घरी आल्यावर ओट्यावर ढोपरभर गाळ, त्यात मेलेला मासा, आणि भिंतींना असा वास की सौमित्र दारातच ओकला. आईनं पदर खोचला आणि आधी राख मागितली. खिडकी होती. कप वाहून गेला होता.

माळावर पोहोचला तेव्हा टाकीखालून काढलेलं इंजिन शेडखाली लोखंडी घोड्यावर उपडं ठेवलेलं होतं आणि त्यावर पडलेला उजेड डोळ्यांत खुपत होता. खरंच लख्ख. घंटेचं तांब्याचं अंग लग्नघरातल्या घंगाळासारखं झळकत होतं. आंबट वास सुटलेला. शेजारी चिंचेचा चोथा, राखेची पाटी, काळ्या पडलेल्या चिंध्या. जोतीराम हात बांधून उभा, शाबासकीला आलेला चेहरा घेऊन. त्याची बायको रंगुबाई, जी तिथल्या माणसांची भाकरी करायची, ती चुलीपासून मान वर करून बघत होती.

"कुणी सांगितलं होतं हे?" सौमित्रनं विचारलं. "पुष्करसाहेबांनी?"

"न्हाई जी. त्येंचा फोन बी न्हाई."

"मग?"

जोतीराम जरा घुटमळला. "आवं सायेब, त्या दिशी तुमी हात धुतलासा न्हवं, तवा पानी मीच वतत हुतो. त्वांड कसं झालं हुतं तुमचं! नुसती शिसारी आलती. रंगूला म्हनलं, ह्या मानसाला परत ह्यातच हात घालायचा हाय, त्येला ह्ये घाण काम सोसत न्हाई. मग आमी हाय कशाला? चिंच लावली, राख लावली, शेवटाला राकेलाचा बोळा फिरवला. बघा की, त्वांड दिसतंय."

सौमित्रनं बघितलं. दिसत होतं. घंटेच्या फुगीर तांब्यात ताणलेलं, रुंद नाकाचं, आणि तेच तोंड, ओठ एका बाजूला ओढलेले, परवा जोतीरामनं पाहिलेलं. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की ही गोष्ट आपल्या पोटात असते, आत, झाकलेली. आणि हा माणूस घागर वाकडी करता करता ती सहज वाचून गेला होता आणि त्यानं दयेपोटी, अक्षरशः दयेपोटी, सगळा पुरावा पुसून टाकला होता. बोल लावायचा कुणाला? तो "बरं," एवढंच म्हणाला, आणि त्याला आपल्याच चेहऱ्याची मळमळ आली.

पुष्करचा फोन आलाच. मयूरीनं त्याला कळवलं होतं. "अरे, धुतलं तर धुतलं. तुझी यंत्रं काय म्हणतात?"

"थंड इंजिनाला यंत्र काय विचारणार? चीर तापल्यावर उघडते आणि गार झाली की मिटते. काजळीत दिसली असती. मला वाटतं दिसलीही होती."

"वाटतं?"

"ओघळ होता. वर, गळ्याशी."

"सौमित्र, 'वाटतं' हे मी त्या माणसांना सांगू शकत नाही. ती उद्या परत गेली की पुन्हा येणार नाहीत. शिरवळला कुलूप लागेल, तुला माहिताय. मला पुरावा दे, मी तुझ्या शब्दावर उड्डाण थांबवतो. पुरावा नसेल तर हो म्हण. दुसरं काय मागतोय मी?"

खरंच, दुसरं काही मागत नव्हता. म्हणूनच त्याचा राग करता येईना. सौमित्र लोखंडी स्टुलावर बसून राहिला. उद्या हे पेटलं आणि चीर उलली तर रॉकेल बाहेर फवारेल, आणि मग टाकी जिथं असेल तिथं फुटेल, वर किंवा अर्ध्यात किंवा उतरताना. पडली तर पलीकडच्या अंगाला जोतीरामची वस्ती होती. माणसांना रस्त्याच्या पल्याड उभं करतात हे खरं, पण मेंढरं, घरं? आणि नाही फुटली तर ते आणखी वाईट. मग 'चालतं' असं ठरेल. अशी तीस-तीस इंजिनं एकाशेजारी एक जोडतील, वर माणसं बसवतील, त्यांची बायकापोरं टीव्हीपुढं बसतील, आणि कुठल्यातरी सौमित्रनं कधीतरी हात धुवायला म्हणून मान फिरवलेली असेल. तू बसशील का रे ह्याच्यावर, त्यानं स्वतःला विचारलं. अबोलीच्या करपलेल्या दुधाची चव अजून जिभेच्या मुळाशी होती, इतक्या चुळा भरूनही.

तिथंच त्याला ते सुचलं, आणि सुचल्याबरोबर तो उठून शेडबाहेर गेला, जसं काही कुणी मागं लागलंय. छे! काहीतरीच. नाकानं बघू आधी. तो परत आला आणि घंटेला नाक लावून फिरला. चिंच, राख, रॉकेल. जोतीरामनं शेवटचा बोळा रॉकेलाचा फिरवला होता, त्यामुळं सगळ्या अंगाला तोच वास. खडू फासून ओल शोधावी तर ओल सगळीकडंच. हातातला गरम हवेचा ब्लोअर वीतभर जागा तापवू शकला असता, पण कुठली वीत? जागा कळायला हवी. वरून पुसलेलं रॉकेल कच्चं. चिरेत अडकलेलं करपलेलं. ह्या दोन्हींतला फरक यंत्राला नाही, नाकाला नाही, कुणालाच कळला नसता. एक जीभ होती, जिला पातेल्याच्या बुडाचं सायीत कळायचं. बाकीचं कौतुक गेलं चुलीत, आई.

"मयूरी, जरा पलीकडं बघ," तो म्हणाला.

"का सर?"

"बघ म्हटलं ना."

ती त्याच्याकडंच बघत राहिली ती राहिलीच. सौमित्र गुडघ्यावर बसला, घंटेच्या गळ्याशी नळ्यांच्या मागं मान घातली, आणि जीभ बाहेर काढली. जीभ आपण होऊन मागं गेली. त्यानं ती पुन्हा काढली. तांबं उन्हाच्या झळांनी कोमट झालं होतं, अंग असल्यासारखं. पहिल्यांदा आंबट लागलं, मग राखेची कचकच, मग रॉकेलाचा भपका थेट मेंदूत. डोळ्यांतून पाणी आलं. ह्यावर किती हात फिरलेत, कुठल्या चिंध्या, कुणाच्या लुगड्याच्या, कुणाच्या धोतराच्या, हे सगळं त्याला एकदम दिसायला लागलं. त्यानं मान सरकवली. पुन्हा. कच्चं. पुन्हा. कच्चं. थुंकी आतल्या आत साठत होती, गिळता येत नव्हती. रुमाल आठवला आणि खिशातला तो रुमालही घाणच होता. आणखी दोन बोटं वर. आणि तिथं, दोन नळ्यांच्या बेचक्यात, कडवट, जळकट, बुडाला लागलेल्या दुधाचा थोरला भाऊ. तो थांबला. खात्री करायला त्यानं तिथंच पुन्हा जीभ लावली, ह्यावेळी पूर्ण चपटी, आणि मग मागं कोसळून दोन्ही हात मातीत टेकून ओकला. पोटात काहीच नव्हतं. हिरवं पाणी आलं आणि येतच राहिलं.

"सर!" मयूरी धावली. पण जवळ आल्यावर हात पुढं करता करता तिनं तो मागं घेतला. तिच्या ओठांचं काय झालं ते त्यानं खालून पाहिलं. त्याला ती आकृती पाठ होती.

"तिथं," तो म्हणाला. "बेचक्यात. स्पिरिटनं पूस. खडू लाव. मग ब्लोअर धर."

तिनं तसं केलं. खडू पांढराशुभ्र बसला. गरम हवा लागत राहिली आणि बराच वेळ काहीच झालं नाही. जोतीराम मागं उभा राहून म्हणत होता, "काय झालं रं सायबाला, काय खाल्लं हुतं?" मग पांढऱ्यात एक तपकिरी रेघ आली. केसासारखी, तिरकी, नखाएवढी लांब. हळूहळू ती गडद होत गेली. मयूरीनं फोटो काढला, मग आणखी काढले. फोटो शिरवळला गेले आणि पाच मिनिटांत पुष्करचा आवाज आला. रडवेला नाही, पण सगळी हवा गेलेला.

"थांबवतो," तो म्हणाला. "पाहुण्यांना खरं काय ते सांगतो. परत आलेलं इंजिन आम्हाला वाचता येतं, म्हणून उडवत नाही, असं सांगतो. बघू, पटलं तर पटलं." आणि मग, "पण सापडलं कसं तुला? सगळं तर धुतलेलं."

"चाटून."

"काय?"

"जिभेनं. चाटलं मी ते."

"शी," पुष्कर म्हणाला, अगदी हळू, तोंडातून निसटल्यासारखं. आणि लगेच, "बरं, हे कुणाला सांगू नकोस हां. मयूरीलाही तसंच सांग."

सौमित्र शेडच्या सावलीला दगडावर बसला. आता बरं वाटायला हवं होतं. वस्ती वाचली, पुढं कधी वर बसणारी माणसं वाचली, आणि त्याच्या एका शब्दाला पुरावा मिळाला. पण तोंडात तो जळकटपणा होता आणि दातांत राख होती, आणि आत कुठंतरी तो स्वतःपासून दोन हात लांब उभा राहून स्वतःकडं बघत होता. रंगुबाई चुलीकडून तांब्या घेऊन आली. "घ्या सायेब, चूळ भरा. वाईच घोटभर प्या बी." त्यानं तांब्या घेतला. नेहमीच्या सवयीनं वरून पाणी सोडायला गेला, पण पाणी हनुवटीवरून छातीवर गेलं. मग त्यानं सरळ तांब्याला तोंड लावलं. काठ ओठांत धरला आणि घटाघटा प्यायला, थांबून पुन्हा प्यायला, पाण्याला चुलीच्या धुराचा वास होता तरी प्यायला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणाच्या भांड्याची किळस आली नाही. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. त्यानं रिकामा तांब्या पुढं केला आणि हसायचा प्रयत्न केला.

रंगुबाईनं तो घेतला. बुडाला, दोन बोटांत.

ती चुलीशी गेली, उकिडवी बसली आणि तिनं राखेची मूठ घेतली. शेजारी तिचीच दुसरी भांडी नुसत्या पाण्यानं विसळून पालथी घातलेली होती. ह्या तांब्याला तिनं आतून राख लावली, बाहेरून लावली, काठावरून अंगठा गोल गोल फिरवला, विसळला, आणि मग नाकाशी नेऊन पुन्हा राख घेतली. सौमित्र बघत होता. तिनं मान वर केली तेव्हा नजरानजर झाली. ती ओशाळली.

"राग मानू नगा हं सायेब," ती म्हणाली. "तुमी त्या काळ्याला त्वांड लावलंसा न्हवं. कसलं कसलं इख असतंय त्यात. आमची बी मानसं पित्यात ह्यात." मग त्याला वाईट वाटू नये म्हणून ती मनापासून हसली, तांब्या उचलून शेडच्या कडेला वेगळ्या दगडावर उपडा ठेवला आणि म्हणाली, "ह्यो आता तुमचाच. दुसऱ्या कुणाला न्हाई द्यायची. तुमी आलासा की ह्यातच पानी दीन."

कान तुटलेल्या कपाला हात पुढं करताना गुंडाचा चेहरा कसा झाला होता ते आठवायचा सौमित्रनं प्रयत्न केला. काहीच आठवेना. तो स्वतः तिथंच होता, समोर, पण त्यानं तेव्हा फक्त कपाकडं बघितलं होतं.

"व्हय, मावशी," तो म्हणाला.